तिरक्या मोगऱ्याची तलवार

आमच्या भागात काहीही न करता माणूस मोठा होऊ शकतो, पण तलवार उंचावल्याशिवाय होत नाही. सोसायटीचा चेअरमन झाला, द्या तलवार. पुतण्या साखर कारखान्याच्या संचालक मंडळात घुसला, द्या तलवार. जामीन मिळून घरी आला, मग तर दोन द्या. गुडघ्याचं ऑपरेशन करून परतलेल्या एका साहेबांचा तलवार देऊन सत्कार झालेला मी स्वतः पाहिला आहे. त्यांना दोघांनी धरून उभं केलं होतं आणि तिसऱ्याने त्यांचा तलवारीचा हात वर धरला होता. लढाई कुणाशी झाली हे विचारायची पद्धत आमच्याकडे नाही.

मी हसते खरी, पण माझी चूल त्याच तलवारींवर पेटते. माजलगावात मोंढ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं सत्काराच्या सामानाचं दुकान आहे. शाली, फेटे, काचेच्या ट्रॉफ्या आणि भिंतीवर ओळीने तलवारी. शालींचं एक बरं असतं, त्या फिरतात. सकाळी आमच्याकडून गेलेली शाल दोन-चार खांदे बघून महिन्याभरात घडी न मोडता परत आमच्याच दुकानात विकायला येते. तलवार मात्र परत येत नाही. ती साहेबांच्या दिवाणखान्यात भिंतीवर जाते आणि तिथे तिच्यावर जाळं धरतं. दुकानात मी बसते. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, तलवारी जोडतात. जोडतात असंच म्हणायचं, घडवतात म्हटलं की लोकांना वेगळं वाटतं.

पाती बाहेरून येतात, गोणपाटात बांधून. त्यांना धार नसते. त्या पात्याने कांदा चिरायला घेतला तर कांद्याला आधी गुदगुल्या होतील. केक मात्र कापला जातो, आणि त्या केकानेच पुढे आमचा घात केला. पण ते नंतर सांगते.

पितळेच्या मुठी पोत्यात भरून येतात. मुठीला हात धरायची जागा, बोटांवरून वळून आलेली परज, वर उलट्या वाटीसारखी कटोरी आणि कटोरीच्या डोक्यावर कळीएवढा मोगरा. मोगऱ्याचा उपयोग काहीच नसतो, पण तो नसेल तर गिऱ्हाईक तलवारीला हात लावत नाही. पात्याच्या मागे निमुळती शेपटी असते, ती मुठीच्या पोकळीत जाते, आणि सगळा खेळ त्या शेपटीचा. बाकीचे लोक तिला आट्याची सळई वेल्डिंग करतात, कटोरीतून बाहेर काढून वर नट आवळतात आणि नट झाकायला मोगऱ्याचं टोपण बसवतात. मालकांना हे बघवत नाही. त्यांनी उमेदीची वर्षं कारखान्याच्या गेटासमोर उसाच्या ट्रॉल्या वेल्डिंग करण्यात घालवली आहेत. ‘‘माझा जलम वेल्डिंगवर गेला, म्हनून सांगतो, वेल्डिंगवर भरवसा ठेवू न्हाई,’’ असं ते म्हणतात.

त्यांची रीत जुनी. सिरसाळ्याच्या बाजारात एक म्हातारा शिकलगार विळे-कुऱ्हाडी परजायला बसायचा, त्याच्याकडून त्यांनी ती उचलली. लाख, राळ आणि विटेची वस्त्रगाळ भुकटी एकत्र वितळवायची, मूठ उलटी धरून पोकळीत ओतायची, आणि पात्याची शेपटी तापवून त्यात दाबून बसवायची. शेपटी तापवणं महत्त्वाचं. ती गार राहिली तर लाख तिला धरत नाही, नुसती भोवती गोठून बसते. तापलेली असेल तर दोघांचं असं जमतं की मूठ विस्तवावर धरल्याशिवाय सुटत नाही. मग मोगरा ठोकायचा, एक डोळा मिटून तो सरळ आहे का बघायचं, पात्यावर नखाने टिचकी मारायची. आवाज लांबत गेला तर मूठ पक्की. खरखरला तर पुन्हा विस्तव.

देवाने मालकांना दुसरा कुठलाच नाद दिला नाही. तंबाखू नाही, पत्ते नाहीत, राजकारण नाही. गर्व मात्र भरपूर दिला आणि तो सगळा त्या मुठीत भरला. ‘‘आपली मूठ हालत न्हाई,’’ हे वाक्य ते दिवसातून किती वेळा म्हणत ते विचारू नका. लग्नात जेवायला बसले तरी शेजारच्या पानावर तोच विषय.

या गर्वाला खतपाणी एका सभेने घातलं. तालुक्यातल्याच दुसऱ्या दुकानदाराने नट-बोल्टवाली तलवार पुरवली होती. साहेबांनी ती मोठ्या आवेशाने म्यानातून उपसली. मूठ तेवढी वर आली, पातं म्यानातच राहिलं. साहेबांचं लक्ष कॅमेऱ्याकडे होतं. त्यांनी ती बिनपात्याची मूठ दोनदा हवेत हलवली, खाली कार्यकर्त्यांनी घोषणा दिल्या, बँडवाल्यांनी बँड वाजवला. कुणाचंही काही अडलं नाही. गर्दीत उभे असलेले आमचे मालक तेवढे घरी येऊन जेवले नाहीत. ‘‘रिकामी मूठ गं,’’ म्हणाले, ‘‘आन् लोक टाळ्या वाजवायलेत.’’ मी म्हटलं, मग काय नवीन झालं? पण पुढच्याच आठवड्यात त्या साहेबांची माणसं आमच्या दुकानाची पायरी चढली, आणि तेव्हापासून मालकांच्या मुठीचं नाव झालं.

आता माझ्या तलवारीचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. एका लगीनसराईत मालकांच्या उजव्या हाताला नखुरडं झालं. आमच्याकडे नवरदेवाच्या हातात तलवार आणि तिच्या टोकाला लिंबू लागतंच, तेव्हा गिऱ्हाईक दारात उभं आणि मालक हात वर धरून कण्हत बसलेले. मी म्हटलं, इतकी वर्षं बघते आहे, एक मूठ मला बसवता येणार नाही? पदर खोचला, लाख वितळवली, ओतली. तेवढ्यात पुढे कुणीतरी फेट्याचा भाव विचारला म्हणून दुकानात गेले, परत आले आणि पातं तसंच दाबून दिलं. शेपटी तापवायची राहिली ती राहिलीच. मोगराही जरा डावीकडे कलला. मला तर ते छान वाटलं होतं.

मालकांनी टिचकी मारली. तलवार फुटक्या मडक्यासारखी वाजली. एक हिसका दिला आणि मूठ या हातात, पातं त्या हातात. इथे गप्प बसले असते तर ते आमचे मालक कसले! त्यांनी ती मूठ परत नुसती दाबून बसवली आणि तलवार गल्ल्याच्या मागे खिळ्याला टांगून ठेवली. आलं गिऱ्हाईक की काढायची, हिसका द्यायचा, सुटलेली मूठ दाखवायची. ‘‘ही बगा, अशी नसावी. ही आमच्या मंडळींनी बसविली.’’ मग आपली एक काढून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची, ‘‘ही वढा बरं.’’ गिऱ्हाईक लाल होईपर्यंत ओढणार, मालक हसणार, मी गल्ल्यावर बसून नोटांना रबर लावणार.

‘‘कावून माझी इज्जत भिंतीला टांगून ठेवली तुमी?’’ असं मी एकदा भांडून विचारलं.

‘‘इज्जत न्हाई, शाळा हाय ती,’’ म्हणाले. पुढे अख्खा तालुका त्या शाळेत शिकून गेला.

आम्हाला एकच मुलगी. तिचा आजा मेंढरं राखायचा, बाप ट्रॉल्या जोडायचा, आणि हिने पोलीस व्हायचं ठरवलं. रोज पहाटे कालव्याच्या कडेच्या रस्त्याने धावायची. आधी लोक म्हणाले, पोरगी धावते कुठे? मग म्हणाले, पोरीला धावू देतात कसे? मग कंटाळून गप्प बसले. गोळाफेकीसाठी तिला बापाने ट्रॉलीच्या भंगारातून एक गोळा करून दिला होता, तो शेडच्या मागे आपटायचा तेव्हा भांडी वाजायची. एकदा नापास झाली, पुन्हा धावली. मी तिच्या पायांना तेल चोळताना तिला शिव्या द्यायचे, कारण रडायला आलं असतं. शेवटी यादीत नाव आलं. आता फक्त चारित्र्य पडताळणी उरली होती. घरावर काही गुन्हा नाही एवढं ठाण्यातून लिहून जायचं, की पोरगी कामावर. आमच्या घरावर कधी कुणी सायकलच्या घंटीचीसुद्धा तक्रार केली नव्हती, त्यामुळे मी निश्चिंत होते.

त्याच दिवसांत मांजरसुंब्याला एका ढाब्यासमोर एका युवा नेत्याचा वाढदिवस झाला. युवा नेता म्हणजे वय किती, हे आमच्याकडे केस गळाल्यावरही सांगता येत नाही. भर रस्त्यात जीपच्या बॉनेटवर केक ठेवला आणि तलवारीने कापला. मागे ट्रकांची रांग लागली. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला आणि तो जिल्हाभर फिरला. लोक विचारू लागले, रस्ता कुणाच्या बापाचा आहे का? कायदा आहे की नाही? सगळे असं काही बोलत असताना आमच्या मालकांनी तो व्हिडिओ मोठा करून पाहिला आणि आनंदाने ओरडले, ‘‘आगं, ही आपलीच हाय! मूठ बग, मूठ! केकात पार परजेपर्यंत घातली, तरी जरा हालली न्हाई.’’

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. त्यांनी तो व्हिडिओ आपल्या फोनच्या स्टेटसला ठेवला. खाली लिहिलं, ‘आमच्याकडील तलवार. मूठ कधीच हलणार नाही.’ आणि दुकानाचा पत्ता. आता पोलिसांनी तरी काय करायचं? त्यांना तपासाला जायलाही लागलं नाही, आरोपीने जाहिरातच दिली होती.

दुसऱ्या दिवशी जीप आली. भिंतीवरच्या, शेडमधल्या, पोत्यातल्या, होत्या नव्हत्या तेवढ्या तलवारी उचलल्या. जाता जाता हवालदाराने खिळ्याला टांगलेली माझी तलवारही काढून घेतली. तिच्याबद्दल मला वाईट वाटलं नाही, हे खरं सांगते.

आम्ही दोघं मागोमाग ठाण्यात गेलो. फौजदार साहेब तरुण होते आणि वैतागलेले होते. वरून फोन आला होता, तलवारी दिसतील तिथून उचला. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं, हे मी विसरणार नाही.

‘‘हे बघा,’’ ते म्हणाले, ‘‘मला कुणाचं दुकान बंद पाडायचं नाही. शोभेची वस्तू असेल तर मी पंचनाम्यात तसं लिहून परत देऊ शकतो. धार नाही, ते दिसतंय. आता मूठ सुटते का तेवढं बघू. लटकी मूठ म्हणजे शोभेची. त्या दुसऱ्या दुकानदाराचा माल सोडून दिला मी.’’

त्या दुसऱ्या दुकानदाराच्या तलवारी जीपमधून उतरवतानाच सुटल्या होत्या म्हणे. त्याला चहा पाजून घरी पाठवलं होतं.

हवालदाराने आमच्या ढिगातली वरचीच एक उचलली आणि ओढली. काही झालं नाही. त्याने पाय रोवले, पुन्हा ओढली. मग पात्याला टॉवेल गुंडाळून दुसऱ्या शिपायाला धरायला लावलं, आणि ठाण्याच्या व्हरांड्यात रस्सीखेच सुरू झाली. मी मालकांकडे पाहिलं. ते खुर्चीच्या काठावर सरकले होते. चेहरा असा उजळला होता की आमच्या लग्नातसुद्धा उजळला नव्हता. मी त्यांच्या पायावर पाय दिला. दाबला. त्यांना कळलंसुद्धा नाही.

‘‘वढा की जोरानं!’’ ते हवालदाराला म्हणाले. ‘‘भाकर खाल्ली न्हाई का? सायेब, लाख हाय ती, लाख! हत्ती लावा. आपली मूठ हालत न्हाई!’’

फौजदार साहेबांनी पेन खाली ठेवलं. ‘‘म्हणजे हे पक्कं हत्यार झालं,’’ ते म्हणाले.

व्हरांड्यातली रस्सीखेच थांबली.

‘‘तुमची मुलगी भरतीत निवडली गेलीय ना?’’ साहेब आता हळू बोलत होते. ‘‘तिची पडताळणी माझ्याच टेबलावर आलीय. वडिलांवर हत्यारांचा गुन्हा दाखल झाला, तर मी त्यात काय लिहू? मला अहवाल उद्या दुपारी पाठवायचाय. तोपर्यंत काय सांगायचं असेल ते येऊन सांगा.’’

घरी येईपर्यंत मी त्यांना काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. मुलगी दारातच उभी होती, तिला कुणीतरी आधीच सांगितलं होतं. ती माझ्यासारखी ओरडत नाही, तिचं तेच अवघड आहे. तिने बापाला पाणी दिलं आणि समोर बसली.

‘‘पप्पा, एकदा म्हनला असता, हालते म्हनून. काय झालं असतं?’’

मालकांनी तांब्या खाली ठेवला. ‘‘पन हालत न्हाई ना बाळा,’’ ते म्हणाले. त्यांना खरंच दुसरं काही सुचत नव्हतं. मला तेव्हा त्यांचा इतका राग आला, आणि त्याच वेळी इतकी दया आली, की मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि गॅस न पेटवताच तवा ठेवून उभी राहिले.

सकाळी मी एकटीच साहेबांच्या बंगल्यावर गेले. तेच साहेब, रिकाम्या मुठीवाले. त्यांच्या दिवाणखान्यात आमच्या इतक्या तलवारी होत्या की भिंतीचा रंग कुठला ते कळत नव्हतं. मधोमध त्यांचाच मोठा फोटो, हातात तलवार, गळ्यात हार. मी म्हटलं, साहेब, ठाण्यात एक फोन करा, या शोभेच्या तलवारी आहेत, आम्हीच सत्काराला घेतो, एवढंच सांगा. पोरीच्या नोकरीचा प्रश्न आहे.

साहेब त्या फोटोखाली बसले होते. ‘‘वहिनी,’’ ते म्हणाले, ‘‘तुमचं काम म्हनजे घरचं काम. पन तलवारीच्या भानगडीत मला घालू नका. म्या उभ्या जन्मात कदी तलवार हातात धरली न्हाई.’’

मी त्यांच्याकडे बघितलं, मग वर फोटोकडे. त्यांनी माझ्या नजरेमागे जाऊन फोटो पाहिला, आणि अजिबात न लाजता माझ्यासाठी चहा सांगितला. मी चहा घेतला नाही. आमच्याकडे साहेबांचा चहा नाकारणं मोठी गोष्ट असते, पण त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. निघताना त्यांचा पीए मला हळूच म्हणाला, पुढच्या आठवड्यात वाढदिवस आहे, तलवारी सुटल्या तर दोन बाजूला ठेवा.

बंगल्याच्या फाटकाबाहेर मालक उभे होते. दाढी केलेली, धुतलेला सदरा. ‘‘चल,’’ म्हणाले. कुठे ते मी विचारलं नाही. मला वाटलं, आता हे हात जोडणार, रडणार, किंवा पुन्हा काहीतरी घोळ घालणार. तिसऱ्याचीच खात्री जास्त होती.

ठाण्यात तलवारी व्हरांड्याच्या कोपऱ्यात ढीग करून टाकल्या होत्या. समोरच्या टपरीवाल्याला पंच म्हणून बोलावून बसवलं होतं आणि तो दूध उतू जाईल म्हणून सारखा रस्त्याकडे बघत होता. मालक फौजदार साहेबांसमोर उभे राहिले.

‘‘सायेब, काल म्या उगं फुशारकी मारली,’’ ते म्हणाले. ‘‘हवालदारसायबानं जी उचलली ना, ती एकच पक्की होती. गिऱ्हाइकाला दाखवायला ठेवलेली. बाकीचा सगळा माल लटका हाय.’’

मी मान वळवून त्यांच्याकडे बघतच राहिले. साहेब म्हणाले, ‘‘दाखवा मग.’’

मालक ढिगाजवळ उकिडवे बसले. बाजारात भेंडी निवडावी तसा हात फिरवू लागले. बघणाऱ्याला वाटावं, कुठलीही एक उचलणार आहेत. पण मी त्यांचा अंगठा बघत होते. तो एकेका तलवारीच्या मोगऱ्यावरून फिरत होता. सरळ, पुढे. सरळ, पुढे. सरळ, पुढे. आणि मग एका मोगऱ्यावर थांबला, डावीकडे कललेल्या. माझी तलवार. ती शाळा, गल्ल्यामागे टांगलेली, अख्ख्या तालुक्याने हसून घेतलेली.

त्यांनी ती वर उचलली, सगळ्यांना दिसेल अशी धरली आणि एक हिसका दिला. मूठ या हातात, पातं त्या हातात. लाखेचा थोडा भुगा फरशीवर पडला.

‘‘सगळ्या अशाच हायत्या, सायेब,’’ मालक म्हणाले. ‘‘लाख वतायची आन् चिकटवून द्यायची, संपलं. मला काय येतंय ह्यातलं? पोटासाठी करायलो.’’

हवालदार खो-खो हसला. ‘‘आन् काल हत्ती लावा म्हनत होता की बे!’’

‘‘म्हनलतो खरं,’’ मालक म्हणाले, आणि तेही हसले. ते हसणं मी बघितलं आणि मला त्या हवालदाराचं डोकं फोडावंसं वाटलं.

फौजदार साहेबांनी ढिगाकडे पाहिलं. मग मालकांकडे पाहिलं, बराच वेळ. आता दुसरी उचला, असं ते म्हणाले नाहीत. का नाही म्हणाले ते त्यांनाच ठाऊक. त्यांनी पंचनाम्यात लिहिलं की मूठ लटकी असून वस्तू शोभेची आहे, टपरीवाल्याने न वाचता सही केली आणि दुधाकडे पळाला. मालकांनी सही करताना एकदा थांबून विचारलं, ‘‘लटकी लिहिलं का सायेब?’’ साहेब म्हणाले, हो. मग त्यांनी सही केली.

आमच्याकडे बातमी जीपपेक्षा जोरात पळते. टपरीवाल्याने दूध उतरवायच्या आत माजलगावात झालं की याची मूठ लटकी निघाली, स्वतः कबूल केलं, ठाण्यात सही दिली. मालक मोंढ्यातून गेले की लोक हाक मारून विचारू लागले, ‘‘काय मालक, हालते का?’’ आधी मला वाटलं, हे कुणाची तरी गचांडी धरणार. ते नुसते मान डोलावून म्हणत, ‘‘हालते की.’’ तलवारी सुटून परत आल्या, पण साहेबांच्या पीएने त्या दोन घेतल्या नाहीत. आमची गिऱ्हाइकं त्या दुसऱ्या दुकानदाराकडे गेली, आणि त्याने दुकानावर नवा फलक लावला, ‘येथे पक्क्या मुठीच्या तलवारी मिळतील.’ खाली चक्क आमच्याच तलवारीचं चित्र होतं. मालक शेडमध्ये पुन्हा ट्रॉल्यांचं वेल्डिंग करू लागले. लाखेची लोखंडी पळी त्यांनी घासून खुंटीला लावली.

आणि मी? माझी जीभ सासरी-माहेरी दोन्हीकडे प्रसिद्ध आहे. पण माझ्यासमोर लोक त्यांच्या मुठीला नावं ठेवत आणि मला बोलता येत नसे. काय बोलणार? त्यांची मूठ हलत नाही म्हटलं की पंचनामा खोटा, आणि पंचनामा खोटा म्हणजे पोरीच्या नोकरीवर टाच. जन्मभर ज्या वाक्याचा मला वीट आला होता, तेच एकदा मोंढ्याच्या चौकात उभं राहून ओरडून सांगावं असं वाटायचं. हे लिहितानासुद्धा मी कुणाचं नाव घेतलेलं नाही, ते त्याचसाठी.

पडताळणी झाली, मुलगी कामावर गेली, आणि पुढच्या खंडेनवमीला सुट्टी काढून आली. त्या दिवशी आम्ही हत्यारं-अवजारं पुजतो. मालकांनी पाट मांडला. वेल्डिंगचा होल्डर, हातोडा, लाखेची पळी, मुलीचा पट्टा आणि टोपी. भिंतीवरच्या न विकल्या गेलेल्या दोन-तीन तलवारी कडेला ठेवल्या. मग आत जाऊन, फडक्यात गुंडाळून ठेवलेली एक तलवार घेऊन आले आणि पाटाच्या मधोमध ठेवली. मोगरा डावीकडे कललेला. माझ्याकडे न बघता त्यांनी तिला आधी हळदीकुंकू लावलं.

‘‘हिला कुनी हात लावू नका,’’ म्हणाले. ‘‘सुटंल.’’

मुलीने कडेची एक तलवार उचलली. पोलिसात जाऊन तिचे हात चांगले भरले होते. तिने एका हातात मूठ धरली, दुसऱ्यात पातं, आणि दात ओठ खाऊन ओढली. पुन्हा ओढली. मग तिने तलवार मांडीवर ठेवली आणि बापाकडे बघितलं. गावातला बोभाटा तिने ऐकला होता, पण ठाण्यात बापाने काय केलं ते आम्ही तिला सांगितलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले.

‘‘पप्पा,’’ ती म्हणाली, ‘‘ही तर हालतच न्हाई.’’

‘‘हळू बोल,’’ मालक म्हणाले आणि नारळाची शेंडी सोलत राहिले. ‘‘घरात पोलीस हाय.’’